'लागणे' : एका क्रियापदाचा संसार

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलावयाचे म्हणजे विषय भारदस्त हवा, अशी माझी समजूत होती. चिटणिसांचे पत्र आले तेव्हा संतवाङ्मय, बडोद्याची संगीतपरंपरा आणि श्रीमंत सयाजीराव महाराजांची ग्रंथालय चळवळ असे तीन विषय मी मनाशी योजिले आणि तिन्ही सोडून दिले. त्या विषयांवर माझ्याहून अधिक अधिकाराने बोलू शकतील अशी माणसे आज याच सभागृहात समोर बसली आहेत. पुढे एके दिवशी सकाळी पुस्तक बदलावयास आलो असता देवघेवीच्या टेबलापाशी एक तरुण गृहस्थ उभे होते. महाराष्ट्रातून नुकतीच बदली होऊन आलेले. ते म्हणाले, "मला लायब्ररी लावायची आहे." टेबलापलीकडची मुलगी आपल्याच गावची, मराठी घरातली, शाळा मात्र गुजराती माध्यमाची. ती क्षणभर गोंधळली आणि अदबीने म्हणाली, "पुस्तकं आम्ही लावलेली आहेत, काका. कालच सगळी कपाटं लावली."

दोघेही शुद्ध मराठी बोलत होते. क्रियापदही एकच होते. त्यांच्या 'लावण्या'चा अर्थ सभासद होणे, वर्गणी सुरू करणे. तिच्या 'लावण्या'चा अर्थ क्रमाने मांडून ठेवणे. मी मध्यस्थी केली, अर्ज भरला गेला, प्रकरण मिटले. परंतु घरी जाताना माझ्या डोक्यात ते क्रियापद घोळू लागले, आणि 'घोळू लागले' असे म्हणताना ते पुन्हा पायात आले! तेव्हा आज आपणापुढे एवढा एकच शब्द घेऊन उभा आहे : लागणे. त्याचे प्रयोजक रूप 'लावणे' हे ओघाने आलेच.

शब्द अगदी साधा. मूल बोलावयास शिकते तेव्हा 'आई' नंतर फार दिवस जात नाहीत तोच 'भूक लागली' येते. पण सोपा दिसणारा शब्द कोशकाराला किती छळतो हे पाहावयाचे असेल तर आपल्या संदर्भ विभागातील कोश उघडावा. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला आणि त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. दाते–कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. दोन्हींत 'लागणे' हा शब्द काढून पाहावा. अवघड संस्कृत शब्द एका ओळीत निकालात निघतात. पण हा घरगुती शब्द कोशकाराला सहजी सोडीत नाही.

मुळात अर्थ एकच आहे : स्पर्श होणे, चिकटणे. संस्कृतातील 'लग्' धातू, त्याचे 'लग्न' हे रूप, प्राकृतात 'लग्ग' आणि मराठीत 'लाग'. दोन वस्तू एकमेकींस टेकल्या, की हा शब्द जन्मतो. भिंतीला खांदा लागला, नाव किनाऱ्याला लागली, २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा पाणी आमच्या घराच्या दुसऱ्या पायरीला लागले. इथपर्यंत सर्व सरळ आहे. पुढे मात्र जे टेकते ते डोळ्यांना दिसेनासे होते, आणि मौज तिथून सुरू होते.

शरीरापासूनच आरंभ करू. भूक लागते, तहान लागते, झोप लागते, उचकी लागते, ठसका लागतो, धाप लागते. यांपैकी एकही गोष्ट आपण करीत नाही. ती बाहेरून येऊन आपणांस चिकटते, असे मराठीचे म्हणणे. 'मी भुकेला आहे' असे पुस्तकात लिहितात. घरात कोणी तसे बोलत नाही. भूक ही जणू कोणी पाहुणी, आली आणि अंगाला लागली. लहान मूल तर नुसते "आई, लागली" एवढेच म्हणते, आणि काय लागली हे आईस विचारावे लागत नाही. दगडाची ठेच लागते, डोळ्याला ऊन लागते. आणि नुसते 'ऊन लागले' म्हटले की ते डोळ्यापुरते राहात नाही, माणूस अंथरुणाला लागतो. पहा, 'अंथरुणाला लागतो' यातही तेच! 'डोळा लागला' म्हणजे क्षणभर झोप आली. आणि 'डोळे लागले' म्हणजे झोप उडाली, कारण कोणाची तरी वाट पाहणे चालले आहे. एकवचन-अनेकवचनाच्या फरकाने झोपेची जाग व्हावी, हे कोणत्या व्याकरणात बसवावे?

स्वयंपाकघरात हा शब्द किती फिरतो हे भगिनीवर्गास मी सांगावयास नको. भाजी गोड लागते, कढी आंबट लागते. भाताकडे दुर्लक्ष झाले की तो खाली लागतो. आमच्या घरी दूध 'लागले' म्हणजे तळाशी धरले, आणि त्या दिवशीचा चहा त्याच वासाचा. किती वाटी डाळ लागेल, किती माणसे जेवायला लागतील, वेळ किती लागेल, ही सारी गरजेची भाषा. एका ठिकाणी चव, दुसऱ्या ठिकाणी जळणे, तिसऱ्या ठिकाणी गरज, आणि सून सासूला विचारते, "किती मीठ लागेल?" तेव्हा सासू म्हणते, "चव घेऊन बघ, कसं लागतंय." दोन 'लागणी' एकाच चमच्यात. कोणाचा घोटाळा होत नाही.

नातेही लागते. "तो तुझा कोण लागतो?" या प्रश्नात सारी वंशावळ आहे. आमच्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या मूळ गावापासून दूर राहिलेल्या माणसांत हा प्रश्न फार विचारला जातो, कारण कोणी आडनावाचा माणूस भेटला की तो कुठे तरी लागतो की काय हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. न लागणाराही थोड्या वेळाने चुलत मामेभाऊ म्हणून लागू लागतो.

लग्नाचे तर काय सांगावे! 'लग्न' हा शब्द त्याच 'लग्' धातूचा. क्षितिजाला जी राशी टेकलेली असते ती लग्न, त्यावरून मुहूर्ताची घटका म्हणजे लग्न, आणि मुहूर्तावर होतो म्हणून विवाह म्हणजेच लग्न, असा त्याचा प्रवास आहे. आणि ते लग्न पुन्हा 'लागते'! निमंत्रितांतील चतुर मंडळी "लग्न किती वाजता लागणार?" असे विचारतात, 'होणार' असे विचारीत नाहीत. समारंभ दिवसभर होतो. लागतो तो अक्षता पडतात त्या एका क्षणी. त्या क्षणाला पोहोचले की जेवणास हक्काने थांबता येते, हा व्यवहारही त्या क्रियापदात आहे.

रस्त्यावर आलो की आणखी गंमत. "इथून पुढे गेलात की ओढा लागतो, मग वड लागतो, मग आमचे गाव." वाटसरू चालतो, पण लागतात गावे. स्थानकावर 'गाडी लागली' म्हणजे गाडी फलाटाशी येऊन उभी राहिली; आणि गाडीत बसल्यावर 'गाडी लागली' म्हणजे खिडकीशेजारची जागा तातडीने द्यावी. एकदा आमच्या आत्याबाई नातवाला घेऊन सहलीस निघाल्या होत्या. वाहकाने बाहेरून ओरडून सांगितले, "गाडी लागली!" आत्याबाई म्हणाल्या, "अहो, अजून हलली पण नाही, एवढ्यात कोणाला लागली?" हा विनोद नव्हे, घडलेली गोष्ट आहे. चित्रपटगृहात सिनेमा लागतो, शाळेत निकाल लागतो, एखाद्याला नोकरी लागते, एखाद्याला सोडत लागते, आणि उरलेल्या सर्वांना चिंता लागते. दूरध्वनी आला तेव्हा त्याच्यासाठी नवे क्रियापद कोणी घडविले नाही. फोन लागतो किंवा लागत नाही, एवढ्यावर काम भागले. पूर्वी ट्रंककॉल लावून दोन-दोन तास बसावे लागे. आता खिशातला फोन लागत नाही म्हणून दोन मिनिटांत माणूस चिडतो. यंत्र बदलले, क्रियापद तेच राहिले.

आता ज्याला रस्त्यावरची भाषा म्हणतात तिच्याकडे वळू. सभ्य सभेत तिचा उल्लेख करू नये असा संकेत आहे, पण क्रियापदाचे खरे जीवन तिथेच असते. 'वाट लागली' हा प्रयोग आज शाळकरी पोरांपासून वयस्क हिशेबनिसांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. परीक्षेची वाट लागते, सुट्टीची वाट लागते, कमरेची वाट लागते. अर्थ एकच, सत्यानाश. मात्र 'वाटेला लागणे' म्हणजे प्रवासास निघणे, चांगल्या मार्गाला येणे. "मुलगा वाटेला लागला" ऐकून पेढे मागावेत. "मुलाची वाट लागली" ऐकून सांत्वन करावे. मधे एक विभक्ती, पण दोन घरांची दोन चित्रे. हा वाईट अर्थ कुठून आला असावा याविषयी माझा एक तर्क आहे, तो तर्क म्हणूनच घ्यावा. 'विल्हेवाट लावणे' यात अजून जुना, निरुपद्रवी अर्थ दिसतो : एखाद्या गोष्टीची व्यवस्था करून तिला मार्गस्थ करणे. व्यवस्था लावता लावता वस्तू दृष्टीआड होते, आणि दृष्टीआड झालेली वस्तू संपली असे समजले जाते. चांगल्या कामाचा शब्द असा हळूहळू वाईटाला लागला असावा.

'लावणे' या प्रयोजक रूपात मराठी माणसाचा खट्याळपणा अधिक उघडा पडतो. दिवा लावणे हे मंगल काम; "काय दिवे लावलेस?" ही फटकार. लोणी लावले, मस्का लावला म्हणजे खुशामत. चुना लावला म्हणजे फसवणूक. पानाला चुना लावतात तेव्हा पान रंगते, आणि माणसाला चुना लावतात तेव्हा दुसऱ्या कोणाचे तरी रंगते. दोघांच्या मध्ये बसून लावालावी करणारा प्रत्येक वाड्यात एक असेच. क्रिकेटच्या मैदानावरून आलेले 'फिल्डिंग लावणे' हे तर आता राजकारणात आणि प्रेमप्रकरणात सारख्याच तत्परतेने लावले जाते. याउलट खेड्यात गेले की भाताची लावणी, उसाची लागण, फळबागेची लागवड. आणि संगीतात? तंबोरा लावावा लागतो, मग सूर लागतो. १८८६ साली मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली आणि पुढे ज्या दरबारात उस्ताद फैयाज खाँ गायले, त्या आपल्या गावात 'आज षड्ज लागला' या वाक्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नुसता सूर काढणे कोणालाही जमते; लागणे हे मात्र त्याच्या हातचे नसते. इथे पुन्हा भुकेसारखेच, बाहेरून काही तरी येऊन टेकते.

एक प्रयोग मात्र आता जवळजवळ लोपला आहे, तो नोंदवून ठेवतो. माझी आजी 'पान लागले' असे म्हणे. आम्हां मुलांना वाटे, कोणी विडा खाल्ला आणि घेरी आली. वस्तुतः त्याचा अर्थ साप चावला असा. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून त्याला 'पान' म्हणावयाचे, आणि 'चावले' हा शब्दही उच्चारू नये म्हणून 'लागले'. दोन साधे, घरगुती शब्द एकत्र आणून माणसांनी भीती झाकली. 'महाराष्ट्र शब्दकोश' चाळणाऱ्यास अशी भेट कोणत्याही पानावर होते. ('पानावर' म्हटले, क्षमा असावी.)

इथवर मी जे बोललो ते सर्व मराठी मुलखात कुठेही बोलता आले असते. आता आपल्या बडोद्याकडे येतो, कारण हा विषय निवडण्याचे खरे कारण इथे आहे आणि ते थोडे खासगी आहे.

१९६६ साली मी पुढील शिक्षणासाठी पुण्यास गेलो. महाविद्यालयाचे नाव सांगत नाही, त्याची आवश्यकता नाही. पहिल्याच महिन्यात एका चर्चासत्रात मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मला असे लागते की या कादंबरीचा शेवट घाईने केला आहे." प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि मोठ्या काळजीने विचारले, "कुठे लागले? आयोडीन मागवू का?" वर्ग हसला. मीही हसलो, कारण दुसरे काय करणार? त्यानंतर सहामाहीपर्यंत माझे नाव 'आयोडीन' होते. कादंबरीच्या शेवटाविषयी माझे काय मत होते, ते कोणी विचारले नाही. मी मात्र त्या दिवसापासून वर्गात बोलणे सोडले. आणि जेव्हा पुन्हा बोलू लागलो तेव्हा माझ्या तोंडून 'लागते' गेले होते, 'वाटते' आले होते.

त्या दिवाळीस घरी आलो. फराळाला चार पाहुणे बसले होते. आई सहज म्हणाली, "मला लागतं, याला तिकडचं पाणी मानवलेलं दिसत नाही." मी चारचौघांत तिला म्हणालो, "आई, 'मला वाटतं' म्हणावं. 'लागतं' हे गुजराती आहे." ती काही बोलली नाही. चकल्यांचे ताट तिने पुढे केले. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलताना ती मधेच थांबे, शब्द चाचपून पाही, एखाद्या परक्या अधिकाऱ्याशी बोलावे तसे. तिच्या मनाला लागले होते. पुण्यात मला जे कोणी केले तेच मी तिला केले होते, आणि तेही तिच्या स्वतःच्या घरात.

सुट्टीत मी या ग्रंथालयात येऊन बसत असे. त्या वेळच्या ग्रंथपालांना मी विचारले, 'मला लागते' हे अशुद्ध आहे काय? त्यांनी उत्तर दिले नाही. 'ल' असलेला कोशाचा खंड आणून समोर ठेवला आणि निघून गेले. मी दोन दुपारी त्यावर घालविल्या. आज जे सांगतो आहे त्याचे मूळ त्या दोन दुपारींत आहे.

प्रमाण मराठीत पाणी हाताला गार लागते, हे कोणी अशुद्ध म्हणत नाही. ताक जिभेला आंबट लागते. एखाद्याचा आवाज कानाला गोड लागतो. एखाद्याचे बोलणे मनाला लागते. म्हणजे त्वचा, जीभ, कान, मन इतक्या पायऱ्या हा शब्द पुण्यातही चढलेला आहे. पुढची पायरी फक्त मताची : मनाला एखादी गोष्ट अमुक अशी लागते, म्हणजे तसे मत होते. त्या पायरीवर मराठीने 'वाटणे' हे क्रियापद बसविले आणि 'लागणे' खाली थांबविले. गुजरातीने 'मने लागे छे' म्हणून ती पायरी चढली. हिंदीने 'मुझे लगता है' म्हणून चढली. आपण दिवसभर बाजारात, कचेरीत, शेजारी गुजराती ऐकतो. आपण तिचा हात धरून एक पायरी वर गेलो. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या आप्तांच्या तोंडीही मी हाच प्रयोग ऐकला आहे. तिथे हिंदीने हात दिला असणार. शब्द आपलाच, मूळ आपलेच, दिशाही आपलीच. याला भेसळ म्हणावयाचे असेल तर मग 'वकील', 'दप्तर', 'टेबल', 'पेन' यांची वर्दळ असलेल्या पुणेरी मराठीला काय म्हणावयाचे?

हे सारे मी आईला सांगितले, कोशातील पान दाखवून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग तुझ्या त्या मास्तरांना एक पत्र लिही." ते पत्र मी कधी लिहिले नाही.

याचा अर्थ मी प्रत्येक उसनवारीचे समर्थन करतो असा नव्हे. उदाहरणार्थ, गुजरातीत 'लागणी' म्हणजे भावना, जिव्हाळा. फार सुंदर शब्द; जे मनाला लागते ती लागणी. पण मराठीत 'लागण' म्हणजे रोगाचा संसर्ग, नाही तर उसाची पेरणी. आमचे एक शेजारी, गुजराती गृहस्थ, हौसेने मराठी लिहीत. माझ्या वडिलांच्या निधनानंतर त्यांनी पत्र पाठविले : आपल्या दुःखाची आम्हां सर्वांना लागण झाली आहे. आम्ही ते वाचून त्या दिवसांत प्रथमच हसलो, आणि मग लक्षात आले की शब्द चुकला असला तरी वाक्य खरे होते. २०२० साली महामारीच्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांत रोज 'लागण' छापून येई आणि गुजराती वृत्तपत्रांत 'शोकनी लागणी'. दोन्ही वृत्तपत्रे घेणाऱ्या आमच्यासारख्या घरांत ते दोन शब्द एकाच टेबलावर शेजारी शेजारी पडलेले असत. रोग तिकडे 'चेप' म्हणून ओळखला जाई, पण तोही 'लागे'च. तेव्हा 'लागणी' मी मराठीत लिहिणार नाही, घोटाळा होतो. गुजरातीत लिहिताना मात्र आवर्जून लिहितो. 'लागवग' म्हणजे वशिला, हा शब्द मात्र आपण खुशाल घ्यावा असे माझे मत आहे. कारण वशिला लावावा लागतोच, मग नावातच 'लाग' असलेला काय वाईट? आणि विद्यार्थ्यांना मी अजूनही सांगतो, की उत्तरपत्रिकेत 'वाटते' लिहा. परीक्षक कुठला असेल हे सांगता येत नाही.

आपल्या राज्यकर्त्यांना भाषांच्या या शेजाराची जाण होती. वडोदरे १७३४ साली गायकवाडांच्या हाती कायमचे आले, तेव्हापासून दरबार मराठी आणि प्रजा गुजराती अशी घडण झाली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे केले. १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन यांना आणवून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. आणि १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश प्रसिद्ध करविला, ज्यात कारभाराच्या शब्दांना गुजराती, मराठी आणि इतर भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. शब्दांना अशा एका पंगतीस बसविणाऱ्या गावात वाढल्यावर शेजारच्या पानातले काही आपल्या पानात आले, तर त्यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला विशीत समजले असते तर बरे झाले असते.

आणि हे केवळ बडोद्याचे नाही. सोलापूरकडे, मराठवाड्यात आणि हैदराबादच्या मराठी घरांत "काय करायलास?" असे विचारतात, त्या 'लास'मध्ये मला तरी 'लागलास' ऐकू येतो. गोव्याकडे कोंकणीत 'लागीं' म्हणजे जवळ, पाशी. हाच शब्द ज्ञानेश्वरीच्या काळच्या, म्हणजे १२९० च्या सुमाराच्या मराठीत 'लागीं' असा, 'साठी', 'कडे' या अर्थाने सर्रास आढळतो. मराठी मुलखात बोलीतून तो गेला. शेजारच्या अंगणात जिवंत आहे. 'रामाला', 'घराला' यांतील चतुर्थीचा 'ला' प्रत्यय त्याच 'लागीं'चा उरलेला तुकडा असावा, असे काही व्याकरणकारांचे मत आहे. सर्वांना ते मान्य नाही. मान्य केले तर मात्र 'मला लागते' या दोन शब्दांत एकच मूळ दोनदा आले, आणि ज्या वाक्याला वर्ग हसला तेच वाक्य सर्वांत अस्सल निघाले! हा माझ्या बाजूचा वकिली मुद्दा आहे, त्याला फार किंमत देऊ नये.

२०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावी भरले तेव्हा बाहेरून आलेले अनेक रसिक आपणां बडोदेकरांना म्हणत, "तुमचे मराठी किती गोड!" सद्भावनेने म्हणत यात शंका नाही. पण त्या 'गोड'चा सूर लहान मुलाच्या बोबड्या बोलाला लावतात तसा होता, आणि तो माझ्यासारख्या 'आयोडीन'ला कळल्याशिवाय राहिला नाही. आता मला राग येत नाही. काळजी मात्र वेगळी आहे. माझ्या नातीला 'मला लागते' की 'मला वाटते' हा प्रश्नच पडत नाही. ती 'मने लागे छे' म्हणते, किंवा सरळ इंग्रजीत बोलते. ज्या शब्दावरून मी आईशी वाद घातला तो अशुद्ध ठरो वा शुद्ध, तो बोलणारे तोंड घरात उरले नाही तर कोश उघडून कोणाला दाखवणार?

म्हणूनच लायब्ररी लावावयास आलेल्या त्या तरुण गृहस्थांनी मला आनंद दिला. पेपर लावतात, दूध लावतात, डबा लावतात, शिकवणी लावतात; जी गोष्ट रोज दाराशी यावी असे वाटते ती लावतात. एके काळी बडोद्यात मराठी कुटुंब नवे राहावयास आले की दूध लावल्यावर लगेच लायब्ररी लावीत. आमच्या वडिलांनी ती लावली तेव्हाची वर्गणीची पावती मी आज बरोबर आणली आहे. ती शताब्दी प्रदर्शनासाठी देत आहे. कडेला थोडी कसर लागली आहे, पण सही वाचता येते.

शेवटी एक विनंती. देवघेवीच्या टेबलावर मी चिटणिसांच्या परवानगीने एक कोरी वही ठेवीत आहे. आपल्या घरी, आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी, 'लागणे' आणि 'लावणे' यांचे जे जे प्रयोग ऐकले असतील, मग ते कोशात असोत वा नसोत, शुद्ध असोत वा नसोत, ते वाक्यासह त्यात लिहावेत. नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. घराणे मूळचे कुठले आणि इथे कधीपासून, एवढे लिहिले तर पुढे कोणाला उपयोग होईल. पहिली नोंद मी काल रात्री करून ठेवली आहे : "मला लागतं, याला तिकडचं पाणी मानवलेलं दिसत नाही." त्याखाली बोलणारीचे वय आणि साल लिहिले आहे. वही आणून ठेवताना टेबलावरच्या त्या मुलीने नोंद वाचली आणि विचारले, "यात चूक काय आहे, काका?" मी तिला म्हणालो, तू वर्ष आणि घराणे घालून तुझी नोंद लिही. तिने दुसऱ्या क्रमांकावर लिहिली आहे. आपण बाहेर जाताना पाहावी.